पार्सल किती दिवसांत पोचेल आणि किती पैसे लागतील, हे घरबसल्या कसं काढायचं

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. अंतर फक्त पैशात धरतात, दिवस अंतरावर ठरत नाहीत. दिवस ठरतात ते पार्सल किती वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातं त्यावर. पुण्यातून बंगळुरूला टाकलेला डबा चौथ्या दिवशी घरात पोचतो आणि पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून चिपळूणजवळच्या वाडीत टाकलेला डबाही तेवढेच दिवस घेतो, कधी एखादा जास्तच, मग लोक वैतागतात की अहो कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, गाडीवर एवढे तास पण लागत नाहीत. बरोबर आहे, पण पार्सल घाट उतरून सरळ जात नाही ना. ते आधी वाडीच्या पोस्टातून तालुक्याला जातं, तिथून वर्गीकरणाच्या मोठ्या केंद्राला, तिथून रत्नागिरी जिल्ह्याच्या पिशवीत, मग चिपळूण, मग तिथल्या छोट्या पोस्टात आणि मग पोस्टमनच्या हातात.

मी साताऱ्याहून घरगुती मसाले, चटण्या आणि दिवाळीत फराळ पाठवते त्यामुळे हा हिशोब रोजचाच आहे. बऱ्याच जणी विचारतात की पाठवायच्या आधीच अंदाज कसा सांगतेस, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. जास्त करून पोस्टाबद्दल लिहितेय कारण खेड्यापाड्यात तेच पोचतं, कुरिअरचं मध्येमध्ये सांगते.

आधी पैशाचं बघू, कारण तिथं हिशोब पक्का निघतो.

वजन करायचं ते पॅकिंगसकट. हे सगळ्यांना माहीत असतं तरी लोक लाडवांचं वजन करतात आणि खोका, बरण्या, चिकटपट्टी, आतले कागद विसरतात. साधा पुठ्ठ्याचा मध्यम खोका आणि टेप मिळून पाव किलोच्या पुढे सहज जातं. घरातला किचनचा काटा बहुतेकदा पाच किलोपर्यंतच असतो, त्याच्यावरचं असेल तर वाण्याकडे करून घ्या, पण बंद केलेल्या खोक्याचंच करा.

आता दुसरं वजन, जे काट्यावर दिसत नाही. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं, येईल ते किलो. काट्यावरचं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. बहुतेक कुरिअरवाले ५००० ने भागतात, काहीजण त्याहून छोट्या आकड्याने भागतात म्हणजे वजन आणखी फुगतं, त्यामुळे हे आधी विचारून घ्यायचं. पोस्टातही पार्सल म्हटलं की खोक्याची मापं विचारतात.

फराळाला हे फार लागू पडतं म्हणून एक खोका पूर्ण मांडून दाखवते. समजा एक किलो बेसनाचे लाडू, एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा, अर्धा किलो चकली, अर्धा किलो शंकरपाळी. माल झाला तीन किलो. घरात ४० बाय ३० बाय २० चा खोका पडलेला होता म्हणून त्यात भरलं. गुणाकार २४०००, भागिले ५०००, म्हणजे ४.८ किलो. पार्सलचा दर अर्ध्या-अर्ध्या किलोने चढतो म्हणून हे झालं पाच किलो. माल तीन किलो आणि पैसे पाच किलोचे! आता तोच माल ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवा. गुणाकार १५०००, भागिले ५०००, बरोब्बर ३ किलो. काट्यावर खोक्यासकट भरलं ३.३, म्हणजे आता काट्याचं वजन जास्त, ते धरायचं आणि पुढच्या अर्ध्या किलोवर न्यायचं, साडेतीन. दीड किलोचे पैसे फक्त खोका बदलून वाचले.

पण मग छोट्या खोक्यात बसवायचं कसं, तर खरं कसब इथंच आहे. चकली आणि शंकरपाळी कडक बरणीत, लाडू डब्यात एकावर एक, आणि चिवड्याची एक मोठी पिशवी करायची नाही, चार-पाच छोट्या पिशव्या करायच्या आणि त्या बरण्यांच्या मधल्या फटीत आणि वरती घालायच्या. चिवडा स्वतःच उशी होतो, वेगळे रद्दी कागद कोंबायला नकोत, बरण्या हलत नाहीत आणि जागाही वाया जात नाही. चिवड्याच्या पिशवीत थोडी हवा राहू द्या नाहीतर पोह्यांचा चुरा होईल. आणि खोक्याचं पोट फुगू देऊ नका, कारण काऊंटरवर मोजताना फुगलेल्या जागेवर टेप लावली तर उंची दोन सेंटिमीटरने वाढते, ३० बाय २५ च्या खोक्यात त्या दोन सेंटिमीटरचे ३०० ग्रॅम होतात.

अर्ध्या किलोच्या टप्प्याचा अजून एक फायदा असा की ३.३ भरलं तर तुमच्याकडे अजून दोनशे ग्रॅमची जागा फुकट आहे, मेतकुटाची पुडी टाका. आणि ३.०५ भरलं तर काहीतरी पन्नास ग्रॅम काढा, पातळ खोका घ्या, एक बरणी काढून पिशवी करा, पण तीनच्या आत आणा.

आता दर. कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले, ते समोर ठेवले की टप्पे कसे चालतात ते कळतं. पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेर कुठेही ४७, मग ते सांगली असो की शिलाँग. ५१ ते २५० ग्रॅमला गावात २४, दोनशे किलोमीटरपर्यंत ५९, पाचशेपर्यंत ६३, हजारपर्यंत ६८, दोन हजारपर्यंत ७२ आणि त्यापुढे ७७. २५१ ते ५०० ग्रॅमला गावात २८, मग त्याच क्रमाने ७०, ७५, ८२, ८६, ९३. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. रजिस्ट्रेशन हवं असेल म्हणजे ज्याच्या नावाने आहे त्यालाच किंवा त्याने नेमलेल्यालाच द्यायचं, तर ५ रुपये अधिक जीएसटी, ओटीपी सांगितल्यावरच द्यायचं असेल तर तेही ५ अधिक जीएसटी. विद्यार्थ्यांना १० टक्के सूट आहे, फार जणांना माहीत नसतं, मुलांना सांगा.

आता यावरून बघा. कोल्हापूरहून निपाणीला ३०० ग्रॅमची फाईल, अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, ७० रुपये अधिक जीएसटी म्हणजे ८२ रुपये ६० पैसे. तीच फाईल दिल्लीला, ८६ अधिक जीएसटी म्हणजे १०१ रुपये ४८ पैसे. कुठे निपाणी कुठे दिल्ली, फरक एकोणीस रुपयांचा. म्हणजे कागदपत्रात अंतराची फार चिंता करूच नका, वजनाची करा. २५० ग्रॅमची फाईल २६० झाली की निपाणीलाही ५९ चे ७० होतात, जाड प्लॅस्टिकचं फोल्डर काढून टाकलं तरी बऱ्याचदा आत येते.

पार्सलचे दर याहून वेगळे आहेत, ते इथं लिहीत बसत नाही कारण त्यात वजनाचे टप्पे खूप आहेत आणि पोस्टाच्या वेबसाईटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही पिनकोड, वजन आणि मापं टाकली की लगेच आकडा येतो. फक्त प्रकार नीट निवडा. स्पीड पोस्ट पार्सल वेगळं आणि इंडिया पोस्ट पार्सल वेगळं, दुसरं स्वस्त पडतं पण रस्त्याने किंवा रेल्वेने सावकाश जातं. स्पीड पोस्टात ३५ किलोपर्यंत चालतं पण एवढं वजन छोट्या पोस्टात घेऊन जाऊ नका, तिथं काटाही नसतो आणि पुढे न्यायला गाडीही नसते, सरळ हेड पोस्टात जा.

पुस्तकं पाठवायची असतील तर पार्सलच्या भानगडीत पडूच नका, १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट म्हणून वेगळी सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ट्रॅकिंगही मिळतं. जमिनीवरून जातं त्यामुळे वेळ लागतो, आणि पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं, मासिकं आणि जाहिरातीचे कॅटलॉग यात चालत नाहीत. पाच किलो पुस्तकं शंभर-सव्वाशे रुपयांत देशात कुठेही, मला ही फार मोठी सोय वाटते, गावातल्या वाचनालयांना पुस्तकं पाठवणाऱ्यांनी तर हीच वापरावी.

कुरिअरचं म्हणाल तर तिथं दर विचारताना एवढं विचारा: जीएसटी धरून सांगताय का, इंधन अधिभार वेगळा आहे का, हवाई आहे की सरफेस म्हणजे जमिनीवरून, आणि तो पिनकोड तुमच्या डिलिव्हरीच्या हद्दीत येतो का. हद्दीबाहेरचा असेल तर वर वेगळे पैसे लागतात किंवा मग समोरच्याला तालुक्याच्या ऑफिसात येऊन न्यावं लागतं, आणि हे बुकिंग करताना कोणी आपणहून सांगत नाही. सरफेसला काहींकडे किमान वजन धरतात, म्हणजे एक किलो दिलं तरी तीन किलोचे पैसे. पोस्टाला हद्दीबाहेरचं असं काही नाही, दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली बहुतांश खेड्यातच आहेत.

इथपर्यंत पैसे झाले. आता दिवस.

पोस्ट स्वतः जे सांगतं ते साधारण असं की स्पीड पोस्ट गावातल्या गावात एक-दोन दिवस, महानगर ते महानगर एक ते तीन, राज्यातल्या राज्यात एक ते चार आणि बाकी देशात चार-पाच दिवस. हे आकडे चुकीचे नाहीत पण ते कामाचे दिवस आहेत आणि शहरापर्यंतचे आहेत असं धरूनच चाला. आपल्याला घरापर्यंतचे हवेत, म्हणून आपण टप्पे मोजायचे.

त्यासाठी पिनकोड वाचायला शिका. सहा आकड्यांचा हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपले मराठीच, संस्कृतचे मोठे कवी. एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, यातून वाट काढायला त्यांनी जे केलं ते आजही आपल्या प्रत्येक खोक्यावर आहे, मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा त्यातला भाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन ते ठराविक पोस्ट. महाराष्ट्र ४० ते ४४ मध्ये येतो, गोवा ४०३. पण ४ ने सुरू झाला म्हणजे महाराष्ट्रच असं नाही, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही ४ मध्येच आहेत.

पहिले तीन आकडे तुमचे आणि समोरच्याचे सारखे असतील तर बहुतेकदा एकाच वर्गीकरणात काम होतं, दोन-तीन दिवस. पहिले दोन सारखे आणि तिसरा वेगळा, तर एक टप्पा वाढला. पहिलाच आकडा वेगळा म्हणजे राज्य बदललं, पोस्टाच्या भाषेत सर्कल बदललं, आणि मग एका सर्कलच्या केंद्रातून दुसऱ्या सर्कलच्या केंद्रात जावं लागतं. निपाणीचं वर सांगितलं ना, कोल्हापूर ४१६ आणि निपाणी ५९१, चाळीस किलोमीटरवर सर्कल बदलतं. पैसे जवळचे लागतात पण दिवस जवळचे धरू नका. बेळगाव, निपाणी, बिदर या बाजूला पाठवणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवा.

यालाही अपवाद आहे आणि तो मोठा आहे. लक्षद्वीपचा पिनकोड ६८२ ने सुरू होतो आणि कोचीचाही ६८२ नेच. कागदावर शेजारी, प्रत्यक्षात मध्ये समुद्र. अंदमान ७४४. अशा ठिकाणी बोट आणि विमानाच्या वेळा आल्या, तिथं दिवस न सांगता आठवडे सांगा.

मग शेवटचे तीन आकडे. ००१ असेल तर बहुतेकदा मोठं पोस्ट असतं, तिथं डिलिव्हरी लवकर. पण खेड्याचा पिनकोड त्या गावाचा एकट्याचा नसतो, तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावातल्या सब पोस्टाचा असतो आणि त्याखाली दहा-पंधरा गावांची शाखा पोस्टं असतात. पोस्टाच्या वेबसाईटवर पिनकोड टाकला की खालची सगळी पोस्टं दिसतात आणि प्रत्येकापुढे हेड, सब की ब्रांच ते लिहिलेलं असतं. समोरच्याचं गाव ब्रांचमध्ये असेल तर डोळे झाकून एक दिवस वाढवा, कारण सब पोस्टातून ब्रांचला पिशवी दिवसातून एकदाच जाते आणि सकाळची चुकली की दुसऱ्या दिवशीच.

हीच गोष्ट आपल्या बाजूलाही आहे आणि लोक नेमकं इथंच फसतात. तुम्ही पाच वाजता पार्सल दिलं आणि पोस्टाची गाडी चार वाजताच पिशवी घेऊन गेली असेल तर तुमचा सोमवार वाया गेला, पावतीवर सोमवार आहे पण पार्सल मंगळवारी निघालं. काऊंटरवरच्या माणसाला एकदाच विचारा, "पिशवी किती वाजता निघते हो?" ते हसून सांगतात, त्यात काही गुपित नाही. त्या वेळेच्या आधी नेऊन द्यायचं. मोठ्या स्टेशनजवळच्या आरएमएसच्या म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसच्या काऊंटरवर काही ठिकाणी उशिरापर्यंत बुकिंग घेतात, तुमच्या शहरात असेल तर तिथं दिलेलं लवकर निघतं कारण वर्गीकरण तिथंच किंवा जवळच असतं.

तर हिशोब असा लावायचा. पिशवी निघायच्या आधी दिलं तर शून्य, नाहीतर एक. आपलं पोस्ट ते आपलं मोठं केंद्र एक. केंद्र ते केंद्र, विमानाने एक धरा, रस्त्याने किंवा रेल्वेने एक ते तीन. तिथलं केंद्र ते डिलिव्हरीचं पोस्ट एक. त्याच दिवशी पोस्टमन घेऊन निघाला तर शून्य, ब्रांच असेल तर एक. मध्ये रविवार आला तर आणखी एक. शनिवारी पोस्ट चालू असतं, बँकेसारखा दुसरा-चौथा शनिवार नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगीच सोमवारची वाट बघतात.

करून बघू. पुण्यात कोथरूडहून सोमवारी दुपारी एक वाजता दिलं, जायचंय बंगळुरूत जयनगरला. वेळेत दिलं म्हणून शून्य. रात्री पुण्याच्या केंद्रात, मंगळवारी तिथून निघालं, बुधवारी बंगळुरूचं केंद्र, गुरुवारी जयनगरच्या पोस्टात आणि त्याच दिवशी घरी. म्हणून मी सांगताना "गुरुवारी, फार तर शुक्रवारी" असं सांगते. आता तेच पार्सल साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातून बिहारमधल्या एखाद्या खेड्यात, गुरुवारी संध्याकाळी चार वाजता. ब्रांचमधून त्या दिवशी निघालंच नाही, शुक्रवारी सब पोस्ट, शनिवारी केंद्र, रविवार गेला, सोमवार-मंगळवार प्रवास, बुधवारी पाटण्याचं केंद्र, गुरुवारी तिथलं सब पोस्ट, शुक्रवारी ब्रांच आणि घर. आठ दिवस. यातला केंद्र ते केंद्र प्रवास फक्त दोन दिवसांचा आहे, बाकीचे दिवस दोन टोकांना गेले. हेच पार्सल गुरुवारऐवजी सोमवारी सकाळी सब पोस्टात नेऊन दिलं असतं तर आधीची ब्रांचमधली वाट वाचली असती. म्हणून सांगते, जास्त पैसे देऊन वेगवान सेवा घेण्याआधी वार आणि वेळ बदलून बघा.

समोरच्याला कायम दोन तारखा सांगा, एक साधारण आणि एक जास्तीत जास्त. एकच तारीख सांगितली की तीच वचन होऊन बसते.

सणाच्या दिवसांत वरच्या हिशोबात दोन दिवस आणखी घाला. राखीच्या आणि दिवाळीच्या आधी केंद्रांत खोक्यांचे ढीग लागतात, माणसं रात्रंदिवस काम करतात तरी उरतं. दुसऱ्या राज्यातल्या सुट्ट्या वेगळ्या असतात हेही बघा. कोलकात्याला दुर्गापूजेत, केरळात ओणमला, तमिळनाडूत पोंगलला, बिहारात छठला तिथली पोस्टं आणि कुरिअर दोन्ही थंडावतात, आपल्याकडे मात्र तेव्हा सगळं चालू असतं म्हणून लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला धुकं, गाड्या आणि विमानं दोन्ही रखडतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं आणि घाटात दरड आली की विषयच संपला.

उलटं मोजायची सवय लावा. २०२६ ची लक्ष्मीपूजनाची तारीख ८ नोव्हेंबर, रविवार. फराळ शुक्रवारी ६ ला हातात हवा असं धरलं आणि दिल्लीच्या एखाद्या उपनगराला साधारण पाच दिवस अधिक सणाचे दोन असे सात कामाचे दिवस मोजले, तर मागे येताना मध्ये १ नोव्हेंबरचा रविवार वगळून २९ ऑक्टोबर, गुरुवार येतो. म्हणजे चकली २७-२८ ला तळायची आणि बेसनाचे लाडू त्याही आधी झाले तरी चालतील, ओल्या नारळाचं मात्र काही घालू नका, एवढे दिवस टिकत नाही.

फौजेतल्या मुलांना पाठवणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आमच्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावंच्या गावं आहेत जिथं घरटी कोणीतरी सैन्यात असतं. त्यांच्या पत्त्यावर गाव नसतं, ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस) असतं आणि पिनकोड ९ ने सुरू होतो. ५६ वालं टपाल दिल्लीच्या आणि ९९ वालं कोलकात्याच्या सैनिकी टपाल केंद्रातून पुढे जातं. तिथून पुढे युनिट कुठे आहे, लेहच्या वर आहे की अरुणाचलात, ते आपल्याला कळत नाही आणि कळूही नये. खाजगी कुरिअर तिथपर्यंत नेत नाही, पोस्टच न्यायचं. पत्त्यात सैनिक नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि एपीओ एवढं बरोबर हवं, गावाचं किंवा ठिकाणाचं नाव अजिबात लिहायचं नाही. दिवसांचा अंदाज तिथं दिल्ली किंवा कोलकात्यापर्यंतचाच करता येतो, पुढचं मोजू नका आणि टिकणारंच पाठवा. शंकरपाळी, चकली, भाजणी, शेंगदाण्याची चटणी. दिवाळीचं असेल तर दसऱ्याच्या आसपासच टाका, लवकर पोचलं तर पोरं आधी खातील, त्यात काय बिघडलं.

तुमचं सामान विमानाने जाणारं आहे का हेही दिवसांवर परिणाम करतं. पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी, अत्तराचा स्प्रे, डिओचा डबा असं काही आत असेल तर ते विमानात चढत नाही, स्कॅनिंगमध्ये अडकतं. भाच्याला फराळासोबत जुना पॉवर बँक पाठवायचा मोह होतो, नका पाठवू, पूर्ण खोका थांबतो. लोणचं, तूप पाठवायचं असेल तर काऊंटरवर स्पष्ट सांगा आणि बरणीचं झाकण टेपने बंद करून दोन पिशव्यांत घाला, एक बरणी फुटली तर दुसऱ्याचंही पार्सल खराब होतं.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आणि एसटी स्टँडजवळ राहणाऱ्याला पाठवायचं असेल तर एसटीचं पार्सल विसरू नका. मध्ये वर्गीकरण नाही, रात्रीच्या गाडीत टाकलं की सकाळी स्टँडवर, फक्त समोरच्याने जाऊन घ्यायला हवं. घरपोच हवं असेल तर मग पोस्टच.

एकदा बुकिंग झालं की पावतीवरचा तेरा जागांचा नंबर जपा, दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन. त्या नंबराचा फोटो लगेच समोरच्याला पाठवा. ट्रॅकिंगमध्ये "बॅग्ड" म्हणजे पिशवीत भरलं, "डिस्पॅच्ड" म्हणजे निघालं, "रिसीव्ड" म्हणजे पुढच्या ठिकाणी उतरलं. प्रत्येक ओळीपुढे ठिकाण आणि वेळ असते, ती वाचून तुमचे मोजलेले टप्पे ताडून बघा, पुढच्या वेळी अंदाज आणखी जवळ जातो. मी तर नेहमीच्या गावांचे असे दिवस वहीत लिहून ठेवलेत, कोणत्या केंद्रात किती थांबतं ते, आणि नवीन गिऱ्हाईक त्याच बाजूचं आलं की वही काढायची.

डिस्पॅच झाल्यावर दोन दिवस काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, लांबच्या रस्त्यात असंच असतं, मधल्या ठिकाणी पिशवी उघडत नाहीत त्यामुळे नोंद होत नाही. पण एकाच केंद्रात "रिसीव्ड" होऊन तीन-चार दिवस हललंच नाही तर मात्र तक्रार करा, पोस्टाचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ६८६८ आहे, वेबसाईटवरही नोंदवता येते, त्याचा नंबर घेऊन ठेवा. आणि "आउट फॉर डिलिव्हरी" दिसलं की समोरच्याला फोन करून घरी थांबायला सांगा. घर बंद असेल तर पोस्टमन चिठ्ठी ठेवतो आणि पार्सल पोस्टात साधारण आठवडाभर ठेवतात, तेवढ्यात ओळखपत्र घेऊन जाऊन आणता येतं, नाहीतर ते परत तुमच्याकडे निघतं. पत्त्यावर मोबाईल नंबर दोन्हीकडचा, मोठ्या अक्षरात, आणि त्यावर पारदर्शक टेप, म्हणजे पावसात शाई फुटत नाही.